टेंबलाईला बकरं की कोहळा? आषाढ आलाय आणि घरात भांडण लागलंय

रंकाळ्याचा_वारा
नमस्कार मंडळी. आषाढ लागला की आमच्या कोल्हापुरात गल्लीत दरवर्षीचं ठरलेलं, पंचगंगेचं नवं पाणी घागरीतनं आणायचं, पी ढबाक वाजंत्री लावून टेंबलाई देवीच्या टेकडीवर जायचं, पायऱ्यांवर पाणी ओतायचं, आणि मग गल्लीत बकरं. मंगळवार नाहीतर शुक्रवार बघून तारीख काढतात, वर्गणी निघते, रात्री रस्त्यावरच पंगत बसते. लहानपणापासनं हेच बघत आलोय.

यंदा माझी पोरगी, नववीत आहे, म्हणाली मी येणार नाही. वर प्रश्न असा टाकला की नवरात्रात पंचमीला खुद्द अंबाबाईची पालखी टेंबलाईला भेटायला जाते तेव्हा कोहळाच फोडतात की, मग आषाढात बकरं कशाला, तेव्हापण कोहळाच फोडा. आमचे वडील म्हणाले पंचमीचं वेगळं, आषाढाचं वेगळं, देवीला खारा निवद, म्हणजे मटणाचा, ठरलेला आहे. पोरगी म्हणाली देवीनं तुम्हाला सांगितलंय का. तिथनं पुढं घरात भांडी जरा जोरातच आपटायलीत.

तर प्रश्न असा, की जनावराच्या जागी दुसरं काहीतरी देणं हे आपल्याकडच्या धर्मात, म्हणजे जैन बौद्ध वारकरी, झालंच तर बाहेर चीन-तिबेटात वगैरे, कुणी केलंय का? चालतं का? की ती नुसती पळवाट? ज्यांचा अभ्यास आहे त्यांनी सांगा. राजकारण नको प्लीज.

मिसळपंथी
कोहळ्याचा तांबडा रस्सा होत असेल तर माझी वर्गणी डबल.

पेठेतला
भावा सरळ बोलतो, राग मानू नको. रविवारी सकाळी मटणाच्या दुकानासमोर रांग लावतोय तेव्हा ही दया कुठं जातीय? तिथं बकरं कोण, कुठलं, कसं मेलं, कुणाला काय पडलेलं नसतं. आषाढात निदान त्याला हळद-कुंकू लागतंय, चार लोक हात जोडतात. आणि ते मटण कोण खातंय? अख्खी गल्ली. आमच्यात शेवटच्या खोलीत एक म्हातारी एकटी राहते, तिला वर्षातनं एकदा वाटीभर रस्सा घरपोच जातोय तो याच दिवशी. कोहळा फोडून तिला काय देणार, चिंगूळभर फोड?

पोरीचं मन मोठं आहे, मान्य. पण शाळेत व्हिडिओ बघून आलेलं दिसतंय.

रंकाळ्याचा_वारा
@पेठेतला व्हिडिओ नाही रे. गेल्या साली बकरं आदल्या दिवशी आमच्याच दारात बांधलेलं, तिनं त्याला पाला घातला होता. एवढंच.

मिसळपंथी
आदल्या दिवशी दारात बांधू नये हा या धाग्याचा पहिला निष्कर्ष.

शिरोळचा_मळा
मी जैन, पंचगंगेकाठी ऊस आणि भाजीपाला. तुमच्या पोरीला आमच्याकडची एक गोष्ट सांगा, पण सावध राहून, कारण ती तिच्या बाजूनं पण जाते आणि तिच्या उलट पण.

उज्जैनचा राजा यशोधर. त्याला वाईट स्वप्न पडतं, आई चंद्रमती म्हणते देवीला बळी दे. राजा म्हणतो मी जीव मारणार नाही. आई ऐकेना. शेवटी दोघांच्यात तडजोड होते, पिठाचा कोंबडा करायचा आणि तोच कापायचा. कापतात, प्रसाद म्हणून खातात पण. पुढं राणी दोघांना विष घालते आणि मग जन्मामागनं जन्म, राजा मोर होतो, आई कुत्रा होते, असं करत करत शेवटी दोघं खरोखरचे कोंबडे होतात. सोमदेवसूरींनी इ.स. ९५९ मधे यावर मोठा ग्रंथ लिहिला, कन्नडमधे जन्न कवीनं १२०९ मधे काव्य केलं. आमच्या आज्जीला यातलं वर्ष-बिर्ष काय माहीत नव्हतं पण गोष्ट तोंडपाठ.

मुद्दा काय, तर पीठ कापलं तरी कापताना मनात कोंबडाच होता. मारायचा संकल्प झाला तिथंच हिंसा झाली. त्यामुळं कोहळ्याला कुंकू लावून, डोळे रेखून, “हे बकरंच समज गं आई” म्हणून कापणार असाल तर आमच्या हिशोबानं अर्धं पाप जागेवरच आहे.

रंकाळ्याचा_वारा
म्हणजे कोहळा पण फेल?? आता घरात काय सांगू

गुळव्या
शिरोळचे काका, गोष्ट एक नंबर. पण एक विचारतो, ऊस लावताना नांगर फिरतोय, हुमणी अळीला औषध सोडताय, त्यात मरतात ते जीव नव्हेत काय? का मोजायचंच नाही?

शिरोळचा_मळा
@गुळव्या मोजायचं की. आमच्यात हिंसेचे चार प्रकार सांगतात. ठरवून मारणं ती संकल्पी, घरातल्या चुली-केरवाऱ्यात होते ती आरंभी, पोटापाण्याच्या धंद्यात होते ती उद्योगी, आणि स्वतःला किंवा दुसऱ्याला वाचवताना होते ती विरोधी. गृहस्थानं पहिली पूर्ण सोडायची, बाकीच्या तीन जमतील तितक्या कमी करायच्या. मुनींना चारही नाहीत, म्हणून तर ते शेती करत नाहीत, स्वयंपाक करत नाहीत, मोरपिसांच्या पिंछीनं जागा झाडून बसतात. शेती उद्योगी हिंसेत येते. आता शेतीच पाप म्हणावी तर पहिले तीर्थंकर ऋषभदेव, त्यांनीच लोकांना असि, मसि, कृषी म्हणजे तलवार, लेखणी, शेती शिकवली असं आम्ही मानतो, आणि इकडं शिरोळ-हातकणंगल्यात बरेच जैन शेतकरीच आहेत. हुमणीचं म्हणाल तर मी औषध सोडतो आणि पर्युषणात, आमच्या उपासाच्या पर्वात, सोडत नाही. हे लॉजिकमधे बसत नाही हे मला माहीत आहे, हसला तरी चालेल.

गुळव्या
हसत नाही काका. हुमणीला पर्युषणाची तारीख कळवली पाहिजे एवढंच.

अशोकाचा_वंशज_नव्हे
मूळ प्रश्नावर येतो, बदली निवद कुणी केला का. भरपूर जणांनी.

सगळ्यात जुनं म्हणजे दीघनिकाय या पाली बौद्ध ग्रंथातलं कूटदंत सुत्त. कूटदंत नावाचा श्रीमंत ब्राह्मण शेकडो बैल, बकरे, मेंढे खांबाला बांधून यज्ञाची तयारी करतो आणि बुद्धालाच विचारायला येतो की यज्ञ नीट कसा करावा. बुद्ध त्याला एका जुन्या राजाचा यज्ञ सांगतात, ज्यात एक जनावर मारलं नाही, झाड तोडलं नाही, नोकरांना मारून-मुटकून राबवलं नाही, तूप तेल लोणी दही मध गूळ यावर भागवलं. आणि त्याच्या आधी काय, तर राज्यात चोऱ्यामाऱ्या होत्या तेव्हा पुरोहितानं राजाला सांगितलं फाशी देऊन हे थांबणार नाही, शेतकऱ्याला बी-बियाणं दे, व्यापाऱ्याला भांडवल दे, नोकराला पगार दे. मला तो भाग जास्त आवडतो. शेवटी कूटदंत सगळी जनावरं सोडून देतो.

चीनमधे लिआंग घराण्याचा सम्राट वू, कट्टर बौद्ध, त्यानं इ.स. ५१७ मधे पूर्वजांच्या शाही पूजेतली जनावरं बंद करून त्याजागी कणकेची ठेवायला लावली. चिनी माणसाला पूर्वजांची पूजा म्हणजे काय हे धरून बघा, तेव्हा लोकांनी बोंब ठोकलीच असणार. चीनमधल्या भिक्षूंनी मांस कायमचं सोडलं त्यामागंही याच राजाचा मोठा हात. तिबेटात तर सातूच्या पिठाचे तोरमा, म्हणजे निवदाचे आकार, करून ठेवतात, लोण्याची रंगीत नक्षी काढलेले.

आणि आपला अशोक. पहिल्या शिलालेखात स्वतःच लिहून ठेवलंय, आधी माझ्या मुदपाकखान्यात रोज लाखो प्राणी मारले जात, आता तीनच, दोन मोर आणि एक हरीण, तेपण हरीण रोज नाही, आणि पुढं हे तीनही मारणार नाही. मला हा राजा त्या “तेपण रोज नाही”साठी आवडतो. एका दिवसात संत झालो असं लिहिलं नाही. कमी करत आणलं, आणि किती उरलंय ते दगडावर कोरलं.

पेठेतला
राजानं मोर खाल्ले तर शिलालेख, आम्ही बकरं खाल्लं तर धागा.

माणगाव_१९२०
वर बुद्धाचा विषय निघालाय म्हणून लिहितो. बुद्ध म्हणजे शाकाहार असं जे धरून चाललंय ते तितकं सरळ नाही. देवदत्त नावाच्या भिक्षूनं संघात पाच कडक नियम आणा म्हणून हट्ट धरला, त्यात मासे-मांस बंद हा एक होता. बुद्धानं सक्ती करायला नकार दिला. भिक्षूनं बघितलं नाही, ऐकलं नाही, शंका नाही की हे माझ्यासाठी मारलंय, तर वाढलेलं मांस चालेल, असा नियम. बाबासाहेबांनीही मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यात फरक केलाय आणि अहिंसा हे तत्त्व आहे, नियम नव्हे असं मांडलंय. बावीस प्रतिज्ञांमधे प्राणिमात्रांवर दया ही प्रतिज्ञा आहे आणि आमच्या घरी सुकं मटणही होतं, दोन्ही खरं आहे.

पण मला बोलायचंय ते वेगळंच. या जिल्ह्यात दयेचा विषय निघाला की किडामुंगीपर्यंत जातोय आणि शेजारच्या माणसाला वगळून जातोय. कर्मवीर भाऊराव पाटील कुंभोजचे, जैन घरातले. कोल्हापुरात जैन बोर्डिंगमधे शिकायला होते. अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघालं त्याच्या कार्यक्रमाला गेले, परत आल्यावर आंघोळ करून आत ये म्हटलं तर ऐकलं नाही, म्हणून बोर्डिंगमधनं बाहेर काढलं. पाणी गाळून पिणाऱ्या घरात माणसाचा विटाळ! आणि हे फक्त जैनांचं नाही, तुमच्या गल्लीच्या पंगतीत आधी कोण कुठं बसायचं ते आठवा की जरा वडिलांना विचारून.

शिरोळचा_मळा
@माणगाव_१९२० खरं आहे. आणि कर्मवीर आम्हाला आमचेच वाटतात हेपण खरं आहे. त्या वेळी त्यांना बाहेर काढणारेही आमचेच.

पेठेतला
माणगाव भाऊ, गल्लीतली पंगत आता सगळ्यांची एकच असते. पण वडिलांना विचारलं. पूर्वी नव्हती म्हणाले. पुढं काय बोलले नाहीत.

दुधकट्टा
गंगावेशीत म्हशी पिळून जागेवर धारोष्ण दूध पिणाऱ्या समस्त शाकाहारी बंधूंना एक प्रश्न, रेडकांचं काय होतं? रेडी राहते, रेडा कुठं जातो? आमच्या घरात गोठा आहे म्हणून विचारतोय. ट्रॅक्टर आल्यापासनं नराला कामच उरलं नाही. बळी फक्त देवळासमोरच पडतो असं नाही एवढंच.

मिसळपंथी
आणि हे सगळं टाईप करताना पायात कुणाकुणाच्या कापशी कोल्हापुरी चप्पल आहे त्यांनी हात वर करा. कातडं काय झाडाला लागतंय?

पन्हाळ्याचं_धुकं
😂😂 चपला काढून वाचायलोय

कुंभोजगिरी
दयेवरनं आठवलं, महादेवी हत्तीणीचं काय? २०२५ च्या जुलैत कोर्टाच्या आदेशानं नांदणीच्या जैन मठातनं जामनगरला अंबानींच्या वनतारा प्राणी केंद्रात नेली तेव्हा अख्खा जिल्हा रस्त्यावर आला होता. दोन्ही बाजू दयेचंच नाव घेत होत्या. एक म्हणत होते तिचे पाय सडायलेत, हत्तीला कळप लागतो, एकटी साखळीत ठेवणं क्रूरता आहे. दुसरे म्हणत होते पिढ्यांनी लेकीसारखी सांभाळली, तिला परक्या मुलखात पाठवणं हीच क्रूरता. मी मोर्चात होतो. आजही वाटतं परत यावी. पण तिच्या पायाचे फोटो बघितल्यावर पोटात कालवलं हे पण आहे.

बावडा_एक्स्प्रेस
पायाचे फोटो एडिट केलेले होते. आणि निषेध म्हणून जिओची सिमकार्डं पोर्ट केली ती विसरलात काय

कुंभोजगिरी
एडिट केलेले नव्हते हो, डॉक्टरचा रिपोर्ट...

प्रशासक
महादेवीचा स्वतंत्र धागा आहे, ९०० प्रतिसाद झालेत, तिकडं जावा. इथं बकरं आणि कोहळा.

निवृत्त_मास्तर
मुलांनो, सगळं वाचलं. दोन गोष्टी सांगतो.

एक, “अहिंसा परमो धर्मः” याच्यापुढं “धर्महिंसा तथैव च” असं जोडून हल्ली सगळीकडं फिरवतात. महाभारतात ती पुरवणी नाही. अनुशासनपर्वात त्या ओळीच्या पुढं अहिंसा हाच श्रेष्ठ संयम, श्रेष्ठ दान, श्रेष्ठ तप अशी मालिका आहे. तेव्हा बकऱ्याच्या बाजूनं बोलायचं तर खुशाल बोला, व्यासांच्या तोंडी घालू नका.

दुसरं, गुळव्यानं नांगराचा प्रश्न काढला तो दोन हजार वर्षं जुना आहे. वनपर्वात कौशिक नावाचा तापट तपस्वी एका बाईच्या सांगण्यावरून मिथिलेला धर्म शिकायला जातो आणि शिकवतो कोण, तर बाजारात मांस विकणारा व्याध. तो म्हणतो मी स्वतः मारत नाही, खात नाही, पण वाडवडिलांचा धंदा करतो. आणि लोक शेती चांगली म्हणतात, तिथंही नांगरानं जमिनीतले किती जीव मरतात, चालताना पायाखाली मरतात, या जगात पूर्ण अहिंसक कोण आहे? हे बोलून झाल्यावर तो कौशिकाला घरात नेऊन आपले म्हातारे आईबाप दाखवतो. यांची सेवा हाच माझा धर्म, म्हणतो.

ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात माउली याहून पुढं जातात, पाऊस पडावा म्हणून पशू मारून यज्ञ करायचा आणि त्यातनं जिवांचं रक्षण होईल म्हणायचं, याला ते चांगलंच धारेवर धरतात. देवळं मोडून देवाला कुंपण करावं तसं, म्हणतात. औषधासाठी जीव मारणारं वैद्यकही सुटलेलं नाही. गाडगेबाबा तर जत्रेत उभं राहून लोकांना विचारायचे, हा बळी कशाला म्हणून. तेव्हा रंकाळ्याच्या वाऱ्या, तुझी मुलगी बाहेरचं काही बोलत नाही. ती इथलंच बोलते आहे.

पेठेतला
मास्तर नमस्कार. पण माउलींनी सांगून सातशे वर्षं झाली, टेंबलाईला बकरं अजून आहेच ना. म्हणजे देवीला पण काहीतरी म्हणणं असेल.

अत्तरवाला
आमच्यात ईदला असाच विषय निघतो घरात. कुर्बानीचे तीन वाटे, एक गरिबाला, एक नातेवाइकांना, एक घरात. ते गरिबाचं नीट झालं की अब्बा शांत. बहिणीनं मटण सोडलंय, अब्बा तिला काही बोलत नाहीत, वाटे पोचवायचं काम तिच्याकडं दिलंय, जावा आणि द्या म्हणतात. ती जाते. पेठेतला म्हणतो ना म्हातारीला वाटी, तो मुद्दा मला पटतो.

वकीलीणबाई
कायद्याचं विचारलं नाही तरी सांगते. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात कलम २८ आहे, धर्माच्या रीतीप्रमाणे मारलं तर या कायद्याखाली गुन्हा नाही. पण सौंदत्तीला यल्लम्माला जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा, कर्नाटकात १९५९ पासून मंदिर परिसरात पशुबळी बंदीचा वेगळा कायदा आहे. आपल्या जिल्ह्यातनं गाड्या भरून लोक जातात म्हणून सांगितलं.

चुलीपुढची
मी इतका वेळ नुसती वाचत होते. सगळे पुरुष बोलायलेत, देव काय म्हणतो, बुद्ध काय म्हणतो, राजा काय म्हणतो. आषाढाच्या त्या रात्री पाटा-वरवंटा कोण करतं? खोबरं भाजा, कांदा भाजा, मुंडी-पाय साफ करा, शेवटच्या पंगतीपर्यंत उभ्या आम्ही, आणि आमच्या घरात सासूबाई माळकरी, त्या मटणाला शिवत नाहीत, त्यांना वेगळी चूल. इतकी वर्षं एकाच घरात दोन्ही निवद चाललेत, एकमेकींना कुणी पाप-पुण्य शिकवलं नाही. जोतिबाला जाताना आम्ही पुरणपोळीच नेतो, तिथं कुणी म्हटलं नाही की देवाला कमी पडलं.

आणि बकरं न मारता सोडायचा प्रकारपण माझ्या माहेरी होता. नवस फिटला म्हणून बोकड देवीच्या नावानं सोडला, कान टोचून. गावभर फिरायचा, भाज्या खायचा, कुणी हाकलायचं नाही. एका श्रावणात गायब. श्रावणात! गावात सगळे म्हणाले देवीनं नेला. देवीच्या घरी मसाला कुठनं आला हे कुणी विचारलं नाही.

अशोकाचा_वंशज_नव्हे
@चुलीपुढची 😂 चीनमधे पण सेम. तिथं पुण्यासाठी मासे-पक्षी विकत घेऊन सोडतात, मोठी प्रथा आहे. मग झालं काय, सोडण्यासाठी पाहिजेत म्हणून आधी पकडायला लागले. पकडताना पिंजऱ्यात बरेच मरतात, उरलेले सोडायचे, परत पकडायचे.

गुळव्या
धंदा म्हणजे धंदा.

रंकाळ्याचा_वारा
सगळ्यांचे आभार, एवढं येईल वाटलं नव्हतं. पोरीला वाचायला दिलं. तिला पिठाचा कोंबडा लागला. कोहळ्याचा हट्ट सोडला तिनं, म्हणते काहीच कापायचं नाही मग, कापल्यासारखं पण करायचं नाही. वडिलांना मास्तरांचा व्याध वाचून दाखवला, ते म्हणाले बघ, मटण विकणारा पण धर्म शिकवू शकतो. दोघांनी आपापलं उचललं.

सध्या तोडगा असा निघायलाय की टेकडीवर नवं पाणी आणि गोडा निवद, पुरणपोळी. देवीसमोर जनावर न्यायचं नाही. रात्रीच्या जेवणाचं गल्लीनं काय ते ठरवावं, ज्याला मटण पाहिजे त्यानं दुकानातनं आणावं, देवीच्या नावावर नको. वडील म्हणतात मी हो म्हणत नाही, देवीला कौल लावूया, कौल दिला तर मान्य.

मिसळपंथी
कौल उजवीकडचा का डावीकडचा ते पोरीला विचारून ठेवा आधी.

पेठेतला
हे मला पटत नाही, आणि दयेच्या विरोधात आहे म्हणून नव्हे. देवीचं नाव काढलं की वर्गणी निघणार नाही. वर्गणी नाही तर एक बकरं गल्लीत वाटून खाणं नाही, ज्याचं त्याचं पार्सल ज्याच्या त्याच्या घरात. बकरी तेवढीच मरणार, उलट जास्त, फक्त आपल्या दारात नाही. तुमच्या पोरीनं त्याला पाला घातला म्हणून तिला ते दिसलं. दुकानातल्याला कोण पाला घालतंय?

शिरोळचा_मळा
@पेठेतला तुमचा मुद्दा खोटा नाही. पण दारात दिसलं म्हणून पोरीनं सोडलं. दिसण्याचा उपयोग तोच असेल तर झाला की उपयोग. आता वाटण्याचं राहिलं, तर वर्गणी पुरणाची काढा. डाळ, गूळ, तूप. गूळ गुळव्या देईल.

गुळव्या
माझं नाव परस्पर घालू नका ओ काका. बरं, गुळाचा एक रवा देतो. पण कटाची आमटी झणझणीत पाहिजे.

चुलीपुढची
पुरणपोळ्या गल्लीभर म्हणजे किती होतात माहीत आहे का? लाटणार कोण ते आधी ठरवा, मग कौल लावा. यंदा पुरुषांनी पुरण वाटायचं, मी पाट्यापाशी उभी राहून बघणार.

पेठेतला
म्हातारीला दात नाहीत, तिच्या पोळीला तूप जास्त लागेल. ते मी बघतो. मटणाचं माझं मत मात्र तेच.